गग्ग भिक्खूची जागा : मनाचे आजार, आपली भाषा आणि आपला संघ

ताप आलेल्या मुलाचे नाव आपण बदलत नाही. मधुमेह झालेले आजोबा आजोबाच राहतात. क्षयरोग झालेला माणूस औषधाने बरा झाला की पुन्हा आपल्या नावाने गावात वावरू लागतो. मनाच्या आजाराच्या बाबतीत मात्र आपली रीत निराळी आहे. तेथे आजाराला नाव मिळत नाही, माणसाचेच नाव बदलते. तो ‘वेडा’ होतो, ‘खुळा’ होतो, नव्या पिढीच्या तोंडी ‘मेंटल’ किंवा ‘सर्किट’ होतो. पुढे तो पूर्ण बरा झाला, नोकरीला लागला, लेकराबाळांचा धनी झाला, तरी ते नाव त्याची पाठ सोडत नाही.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, मनोविकारतज्ज्ञ नव्हे. कोणत्या आजारावर कोणते औषध हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एखादा समाज आपल्यातील आजारी माणसाशी कसा वागला, त्याला कोणत्या शब्दांनी हाक मारली, त्याची जागा राखली की काढून घेतली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. निवासी शाळेत मुलांच्या सहवासात दिवसरात्र राहणाऱ्या शिक्षकाला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपली रोजची भाषा, आपले चित्रपट, देशाचे कायदे आणि आपला धम्म या चारही ठिकाणी ‘आजारी मन’ कसे दिसते, याचा थोडक्यात अभ्यास मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दांचे दोन चेहरे

मराठीत ‘वेड’ या शब्दाला दोन चेहरे आहेत. एका चेहऱ्याचा आपण गौरव करतो. ध्येयवेडा कार्यकर्ता, नाटकवेडा रसिक, पुस्तकांचे वेड असलेला विद्यार्थी, असे म्हणताना आपला ऊर भरून येतो. ‘वेडी माया’ म्हणताना आईची आठवण होते. दुसरा चेहरा मात्र हिणवण्याचा आहे. वर्गात उत्तर चुकले की ‘येडा आहेस का?’, वाद वाढला की ‘डोक्यावर पडला आहेस का?’, आणि विनोद करायचा झाला की ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला पाठवा’.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे हजारो कुटुंबांनी आपली माणसे उपचारासाठी नेली आणि बरी करून परत आणली. तरीही त्या गावांची नावे आपल्या बोलण्यात शिवीसारखी येतात. हृदयविकाराच्या रुग्णालयाचे नाव घेऊन कोणी थट्टा करीत नाही. ही थट्टा निरुपद्रवी नाही, कारण ती ऐकणाऱ्या दहा जणांत एखादा असा असतो की ज्याच्या घरी कोणाची तरी रोजची गोळी चालू असते. तो हसणाऱ्यांबरोबर हसतो आणि घरी गेल्यावर औषधाची पाकिटे कपाटात आणखी आत सरकवतो.

अलीकडे याच्या उलट एक सवय वाढली आहे. परीक्षेत दोन गुण कमी पडले की ‘मला डिप्रेशन आले’, वही नीट लावली की ‘मला ओसीडी आहे’, असे शब्द मोबाइलच्या पडद्यावरून मुलांच्या तोंडी उतरले आहेत. मनाविषयी बोलण्याची लाज कमी झाली हे चांगलेच झाले. परंतु दुःख आणि आजार यांतील सीमारेषा पुसून चालणार नाही. अपयशाने, वियोगाने, अपमानाने मन खिन्न होणे ही माणसाची प्रकृती आहे. दिवस सरतात तशी ती खिन्नता ओसरते. नैराश्याच्या आजारात मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते. आवडत्या गोष्टीतला रस जातो, झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटू लागते आणि कधीकधी जगणेच नकोसे होते. ‘मन घट्ट कर’ म्हणून तो बरा होत नाही, जसा ‘पाय घट्ट कर’ म्हणून मोडलेला पाय जुळत नाही.

पडद्यावरचा वेडा

मनाच्या आजारांविषयीचे आपले बहुतेक ज्ञान पुस्तकांतून आलेले नाही. ते चित्रपटगृहातून आणि घरच्या दूरचित्रवाणी संचातून आले आहे. त्या पडद्याने आपल्याला काय शिकवले?

विनोदी चित्रपटांनी शिकवले की वेड्यांच्या इस्पितळात डोक्यावर भांडे घालून नाचणारी माणसे असतात. ‘खामोशी’ या गाजलेल्या हिंदी चित्रपटाने सहानुभूती दाखवली, परंतु तेथे रुग्ण बरा होतो तो परिचारिकेच्या प्रेमाने, आणि त्या ओझ्याखाली खचलेली ती परिचारिका अखेरीस त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होते. ‘दामिनी’ (१९९३) मध्ये अत्याचाराविरुद्ध साक्ष देणाऱ्या स्त्रीला मानसिक रुग्ण ठरवण्याचा डाव रचला जातो. सत्य बोलणाऱ्या स्त्रीला ‘वेडी’ म्हटले की तिच्या शब्दाची किंमत शून्य करता येते, हे त्या चित्रपटाने अचूक दाखवले. ‘भूल भुलैया’ (२००७) ने भूत नसून आजार आहे असे सांगण्याचे धाडस केले, मात्र उपाय म्हणून अखेर एका रात्रीचे नाट्य रचले.

विजेच्या झटक्यांचे दृश्य तर हिंदी चित्रपटांनी शिक्षा म्हणूनच वापरले. हातपाय बांधलेला, किंचाळणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढून जात नाही. ही उपचारपद्धती १९३८ साली रोममध्ये प्रथम वापरली गेली. आज ती भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करावी लागते. भुलेशिवाय ती देण्यास आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांना तिचा मोठा उपयोग होतो. परंतु पडद्यावरचे ते दृश्य आठवून किती घरांनी आपल्या माणसाला डॉक्टरांकडे नेण्याचेच टाळले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

चित्रपट आणखी एक खोटे शिकवतो, ते म्हणजे वेळेचे. तीन तासांत आजार येतो आणि एका गाण्यानंतर किंवा एका धक्क्यानंतर जातो. प्रत्यक्षात नैराश्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत ती घ्यावी लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून किंवा दोन महिन्यांत ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे, हा आपल्याकडे आजार उलटण्याचा नेहमीचा मार्ग आहे.

मराठी चित्रपटाने मात्र या विषयात अभिमान वाटावा असे काम केले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) ने स्किझोफ्रेनिया झालेला तरुण आणि त्याला सांभाळणारी बहीण दाखवली. त्याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘कासव’ ने नैराश्याने ग्रासलेल्या मुलाच्या शेजारी, त्याला प्रश्न न विचारता, नुसते राहणारी माणसे दाखवली. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ‘कासव’ला मिळाले. हिंदीत ‘तारे ज़मीन पर’ (२००७) ने अक्षरांशी झगडणारा मुलगा दाखवला. अध्ययनातील अशी अडचण हा मनाचा आजार नव्हे. परंतु ती न ओळखता वडील त्या मुलाला शिस्तीसाठी निवासी शाळेत धाडतात, आणि तेथे त्याचे चित्र काढणेच थांबते, हा भाग निवासी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा पाहावा. मुलाचे गप्प होणे म्हणजे त्याचे शहाणे होणे नव्हे.

कायद्याने बदललेली दृष्टी

पडद्याप्रमाणे राज्यसंस्थेचीही एक नजर असते आणि ती कायद्यात उमटते. भारतात ब्रिटिश सत्तेने १८५८ साली या विषयावर कायदे केले. १९१२ चा कायदा ‘ल्युनसी अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखला जाई. त्यात उपचारापेक्षा बंदोबस्ताचा विचार अधिक होता. रुग्ण म्हणजे समाजाला असलेला धोका, म्हणून त्याला भिंतीआड ठेवण्याचा दंडाधिकाऱ्याचा हुकूम, अशी ती रचना. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८७ साली, तो कायदा बदलला. त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आला आणि तो २९ मे २०१८ पासून लागू झाला.

या शेवटच्या कायद्याने भाषाच पालटली. मनाचा आजार असलेली व्यक्ती ही हक्क असलेली नागरिक आहे, तिला शासकीय यंत्रणेकडून उपचार मिळणे हा तिचा अधिकार आहे, तिच्या आजाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे, शरीराच्या आजाराला आणि मनाच्या आजाराला वेगळी वागणूक देता येणार नाही, तिला साखळीने बांधता येणार नाही, असे तो सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला गुन्हेगार मानू नये, ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घ्यावी, हेही त्याने सांगितले.

साखळीचा उल्लेख कायद्यात उगाच आलेला नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका धार्मिक स्थळाच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी निवाऱ्याला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, छळणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. तरीही रात्री उशिरा, शेजाऱ्यांना कळणार नाही अशा बेताने, कोणाला तरी ‘बाहेरचे’ पाहण्यासाठी नेले जाते, हे आपण सर्व जाणतो. तेथे अंधश्रद्धेपेक्षा लाज अधिक असते. मांत्रिकाकडे गेले तर ‘कोणी तरी केले’ असे म्हणता येते, मनोविकारतज्ज्ञाकडे गेले तर ‘आपल्याला झाले’ असे मान्य करावे लागते.

विनयपिटकातील गग्ग

कायद्याला ही दृष्टी यावयास एकविसावे शतक उजाडले. परंतु आपल्या परंपरेत या प्रश्नाचा एक फार जुना निवाडा नोंदलेला आहे आणि तो आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. तो आहे गग्ग नावाच्या भिक्खूचा.

संघात उपोसथाच्या दिवशी सीमेतील सर्व भिक्खूंनी एकत्र येणे आवश्यक असे. कोणी गैरहजर असेल तर संघाचे कार्य अडत असे. महावग्गात सांगितले आहे की, अशा एका प्रसंगी गग्ग भिक्खू आला नव्हता. त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. त्याला उपोसथाचे कधी स्मरण राही, कधी राहत नसे. तो कधी येई, कधी येत नसे. तथागतांपुढे प्रश्न आला. त्यांनी गग्गाला संघातून काढण्यास सांगितले नाही आणि त्याला ओढून आणण्यासही सांगितले नाही. संघाने रीतसर ठराव करावा, असे त्यांनी सांगितले. गग्गाला स्मरण राहो वा न राहो, तो येवो वा न येवो, संघ त्याच्यासह किंवा त्याच्याविना उपोसथ करील, असा तो ठराव. म्हणजे गग्गाच्या अनुपस्थितीने संघाचे काम थांबणार नाही, आणि त्या अनुपस्थितीचा दोष गग्गावरही येणार नाही. त्याची जागा मात्र राहील.

चुल्लवग्गात या कथेचा पुढचा भाग येतो. गग्ग बरा झाला. आजाराच्या काळात त्याने भिक्खूला न शोभणारे पुष्कळ वर्तन केले होते. आता इतर भिक्खू त्याला पुन्हा पुन्हा विचारू लागले की, अमुक दोष तू केलास, तुला आठवते का? तो सांगे की, तेव्हा माझे चित्त भ्रमलेले होते, मला ते आठवत नाही. तरीही त्यांचे टोचणे थांबेना. तेव्हा तथागतांनी ‘अमूळ्ह-विनय’ सांगितला. बरा झालेला भिक्खू संघासमोर येऊन तीन वेळा विनंती करील, संघ तीन वेळा घोषणा करून तिला मान्यता देईल, आणि त्यानंतर आजारातील वर्तनाचा दोष त्याच्यावर ठेवला जाणार नाही. वेडाचे सोंग करून खोटे बोलणाऱ्याला ही सवलत नाही, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. ही भाबडी दया नव्हती. हा पूर्ण विचार करून केलेला न्याय होता. संघातील वाद मिटवण्याचे जे सात मार्ग विनयात सांगितले आहेत, त्यांत याला स्थान आहे. शिवाय विनयाचे नियम सांगताना उन्मत्त, विक्षिप्तचित्त आणि वेदनेने व्याकूळ झालेल्या भिक्खूला दोष लागत नाही, हे वारंवार नोंदवले आहे.

इतिहासाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तथागतांनी हा प्रश्न केवळ करुणेवर सोडला नाही. करुणा आज असते, उद्या आटते. त्यांनी नियम केला आणि तो सर्व संघाकडून संमत करून घेतला. आजारी माणसाची जागा कोणाच्या मर्जीवर राहू नये, हे त्यामागचे तत्त्व आहे.

पटाचारेची गोष्टही याच संदर्भात वाचावी. अट्ठकथेनुसार पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ एकाच आघातात गमावलेली ही स्त्री वस्त्रांचेही भान हरपून श्रावस्तीत फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत, तिच्यावर माती-कचरा फेकत. ती जेतवनात आली तेव्हा लोक तिला अडवू लागले. तथागतांनी अडवू दिले नाही. त्यांनी तिला बहीण म्हणून संबोधले, स्मृती पुन्हा गोळा करण्यास सांगितले, आणि कोणी एकाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. आधी आत येऊ देणे, मग वस्त्र, मग धम्म, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे विनयधर भिक्खुणींत हीच पटाचारा अग्रस्थानी गणली गेली. ज्या स्त्रीवर गावाने कचरा फेकला, तिच्याकडे संघाने नियमांचे ज्ञान सोपवले.

अठरा तास आणि अठरा वर्षे

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या समाजातील मुलांवर एक वेगळे ओझे असते. घराण्यात पहिल्यांदाच शिकणारे मूल केवळ स्वतःसाठी परीक्षा देत नाही. आईची मजुरी, वडिलांचे कर्ज, वस्तीची प्रतिष्ठा, सारे त्याच्या उत्तरपत्रिकेवर बसलेले असते. आपण त्याला बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत असे सांगतो. १४ एप्रिलच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो आम्हांस प्रिय आहे. त्यातून मुलांना मोठी ऊर्जा मिळते.

परंतु याच बाबासाहेबांनी लिहिलेले दुसरे एक सत्य आपण मुलांना सांगत नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विद्वानाला पारशी निवासातून बाहेर काढण्यासाठी काठ्या घेतलेली डझनभर माणसे दारात उभी राहिली. अठरा वर्षे उलटल्यानंतरही ते दृश्य आपल्याला स्पष्ट आठवते आणि डोळ्यांत अश्रू आल्याशिवाय ते आठवत नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी तेथे दिली आहे. अपमानाची जखम मनावर किती काळ राहते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि तो कोणी दुबळ्या माणसाने दिलेला नाही. ज्यांनी आपल्याला लढण्यास शिकवले त्यांनीच दिलेला आहे. अठरा तासांचा अभ्यास सांगणाऱ्याने अठरा वर्षांनंतरचे ते अश्रूही सांगावेत, म्हणजे ‘भीमाचे लेकरू रडत नसते’ असे कोणी मुलाला दटावणार नाही.

हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा जानेवारी २०१६ मध्ये आणि मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या देशाला हा प्रश्न भिडला. त्या दोघांच्या मातांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अशा वेळी काही लोक म्हणतात की, मुले मनाने कमकुवत होती. दुसरीकडे आपल्यातील काही जण म्हणतात की, हा सामाजिक प्रश्न आहे, येथे मानसोपचाराचे काय काम? आमच्या मते दोन्ही बाजू अर्ध्याच पाहतात. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात मांडले. जे अपमान करणाऱ्याच्या मनात वसते ते अपमान सोसणाऱ्याच्या मनालाही जखमी करते. बाण लागलेल्या माणसाला आधी बाण काढून मलमपट्टी केली पाहिजे, आणि नंतर बाण मारणाऱ्याला न्यायासमोर उभे केले पाहिजे. पहिले काम डॉक्टरांचे व आप्तांचे आहे, दुसरे चळवळीचे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

ध्यान आणि औषध

बौद्ध घरांत आणखी एक गैरसमज आढळतो. धम्म मनाचाच विचार करतो, तर मग मनाच्या आजाराला ध्यान पुरेसे नाही काय? अंगुत्तर निकायात तथागतांनी कायिक आणि चेतसिक असे दोन रोग सांगितले आहेत. शरीराने दीर्घकाळ निरोगी असणारे सापडतील, परंतु मनाने क्षणभरही निरोगी असणारे क्षीणास्रव सोडून दुर्मीळ, असा त्याचा आशय आहे. येथे चेतसिक रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह यांनी ग्रासलेले चित्त. तो रोग आपणा सर्वांना आहे. गग्गाचा आजार निराळा होता, म्हणूनच विनयाने त्याची निराळी नोंद केली. हे दोन्ही एकच समजले की आजारी माणसाला ‘तुझी साधना कमी पडली’ असे ऐकवले जाते, आणि आजाराच्या दुःखावर अपराधाचे दुःख चढते.

आनापानाने चित्त स्थिर होण्यास मदत होते, याचा अनुभव शाळेतील रोजच्या ध्यानात मिळतो. परंतु तीव्र मनोविकार असलेल्या व्यक्तीने दहा दिवसांचे शिबिर करू नये, अशी सूचना विपश्यना केंद्रेही देतात आणि अर्जात मनाच्या आजारांविषयी विचारणा करतात. ती माहिती लपवून रुग्णाला शिबिरात पाठवणे हे त्याच्यासाठी धोक्याचे आहे. जीवक वैद्य तथागतांवर उपचार करीत आणि तथागत ते उपचार घेत. औषध घेण्याने धम्म उणा होत नाही.

घर आणि वसतिगृह यांच्यासाठी

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये १२ राज्यांत केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मनाचा आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते, असे त्यात आढळले. दहांत एक, हे प्रमाण ध्यानात घेऊन स्नेहसंमेलनाच्या मांडवाकडे पाहावे. त्या प्रमाणाने पाहता प्रत्येक रांगेत कोणी ना कोणी बसलेला असेल.

म्हणून काही साध्या गोष्टी येथे नोंदवतो. जूनमध्ये वसतिगृहात आलेले मूल रात्री रडते हे स्वाभाविक आहे. काही आठवड्यांत बहुतेक मुले रुळतात. परंतु जे मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवत नाही, झोपत नाही, खेळ सोडून कोपऱ्यात बसते, ज्याचे पोट प्रत्येक सोमवारी दुखते आणि तपासणीत काही निघत नाही, ज्याचे गुण एकाएकी घसरतात, जे आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकते किंवा ‘मी नसलो तर बरे होईल’ असे बोलते, त्याच्याकडे त्याच दिवशी लक्ष द्यावे. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी तरी विचारले याने मुलाचे ओझे हलके होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार मिळतात. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक घराच्या दिनदर्शिकेवर आणि वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत लिहिलेले असावेत.

पालकांना एक विनंती. मुलाशी फोनवर बोलताना पहिला प्रश्न गुणांचा नसावा. ‘जेवलास का, झोप लागते का, कोणाशी मैत्री झाली’ हे आधी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस मुलांना द्यावा. ज्यांनी स्वतः असे उपचार घेतले आणि जे आज आपापल्या कामात उभे आहेत, त्यांना सांगावेसे वाटले तर त्यांनी ते मुलांना सांगावे. शंभर व्याख्यानांनी जे होणार नाही ते एका अनुभवाच्या चार वाक्यांनी होईल.

आणि शेवटची गोष्ट अमूळ्ह-विनयाची. एखादा मुलगा उपचारासाठी दोन महिने घरी गेला तर हजेरीपटावरील त्याचे नाव आणि वसतिगृहातील त्याची खाट दोन्ही राखून ठेवावीत. तो परत आल्यावर आजारात तो काय बोलला, कोणावर धावून गेला, कशी फजिती झाली, हे कोणी त्याच्यापुढे काढू नये, मित्रांनी थट्टेतही नाही आणि भाऊबंदांनी सोयरिकीच्या बैठकीतही नाही. आपल्या पंचायत समितीने, महिला मंडळाने, माजी विद्यार्थी संघाने असा ठराव आपल्या वहीत रीतसर लिहून घ्यावा आणि तीन वेळा वाचून संमत करावा. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने गग्गासाठी तो केला होता. आपण तो आपल्या लेकरांसाठी करावा.